मुलीची पहिली गाडी : चार लाखांत, रोजच्या साठ किलोमीटरसाठी

एरंडोलचा मास्तर

सर्वांना नमस्कार. मी एरंडोल तालुक्यात प्राथमिक शिक्षक असून मला स्वतःला चारचाकी चालवता येत नाही. सगळी नोकरी मोटारसायकल आणि एस.टी. यांच्यावरच निभावली, त्यामुळे प्रश्नात काही अडाणीपणा दिसला तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिला जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली असून तिची ड्यूटी एका आठवड्यात सकाळी सातला सुरू होते, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊला सुटते. सकाळी एस.टी. मिळते, पण रात्री नऊनंतर महामार्गावरच्या थांब्यावर तिने एकटीने उभे राहावे, हे आम्हा उभयतांना पटत नाही. जळगावला खोली घेण्याचा विचार झाला होता, परंतु माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचे पुष्कळसे मुलगीच करते. पाळधीमार्गे जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर होतात. मुलीने शिकाऊ परवाना काढून, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर शिकून, गेल्या महिन्यात पक्के लायसन्स मिळवले आहे. म्हणजे परवाना आहे, पण हात बसलेला नाही.

खर्चाची मर्यादा चार लाख रुपये. त्यांतले अडीच लाख शिलकीचे आणि दीड लाख आमच्या पतसंस्थेकडून. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, माझ्या मेव्हण्यांची २०१४ ची डिझेल सेडान, जी ते घरच्या माणसाला म्हणून पावणेदोन लाखांत देतात. दुसरा, जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात असलेली २०१९ ची वॅगनआर. अडतीस हजार किलोमीटर चाललेली, एका डॉक्टरांच्या हातची असे सांगतात, किंमत साडेतीन लाख. तिसरा, थोडे अधिक कर्ज काढून नवी अल्टो के-१०. मेव्हणे म्हणतात, रोजच्या रनिंगला डिझेलशिवाय परवडणार नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे, घरात पहिली गाडी येते आहे तर ती कोरीच यावी. मुलीला विचारले तर ती म्हणते, ब्रेक चांगला लागणारी कोणतीही चालेल. आपण काय सुचवाल?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार सर. मी धुळे ते पारोळा हा रस्ता रोज करतो, तेव्हा आपल्या मुलीचे गणित मला जवळचे आहे. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटर होतात. छोटी पेट्रोल गाडी लिटरला वीस किलोमीटर देते असे मानले तर महिन्याला पंचाहत्तर लिटर, म्हणजे आजच्या दराने आठ हजारांच्या आसपास. हा आकडा आधी मुलीच्या पगारासमोर मांडून पाहावा. गाडी कोणतीही घेतली तरी तो फारसा हलणार नाही.

मेव्हण्यांची सेडान नम्रपणे नाकारावी असे मला वाटते, आणि नाते टिकवायचे असेल तर गाडी घेण्याआधीच नाकारावी. डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरांत एके काळी जी मोठी दरी होती ती ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यापासून राहिलेली नाही. या वयाच्या डिझेल गाडीचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर अॅव्हरेजमध्ये वर्षभर वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०२९ मध्ये तिचे नूतनीकरण आलेच. शिवाय लांब नाकाची आणि लांब शेपटीची सेडान नवशिक्या माणसाला जळगावच्या बाजारपेठेत मागे घ्यायला लावणे, हा त्या माणसावर अन्यायच आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण तिन्ही पर्याय किमतीच्या क्रमाने मांडले आहेत. मी ते गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली त्या क्रमाने मांडेन. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे झाले. ते असले की घाबरून ब्रेक गच्च दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टीअरिंग वळते राहते; नवशिक्याला याचा उपयोग सराईत माणसापेक्षा जास्त आहे, कारण गच्च ब्रेक तोच दाबतो. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, समोरच्या सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ड्रायव्हरशेजारची दुसरी एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. म्हणून २०१९ ची वॅगनआर, एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. त्या वर्षीची गाडी मार्चमधली आहे की सप्टेंबरमधली, आणि कमी सोयींच्या, खालच्या प्रकारातली (व्हेरिएंट) आहे की वरच्या, यावर तिच्यात काय आहे आणि काय नाही हे ठरते. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. नोंदणीची तारीख वेगळी आणि निर्मितीचा महिना वेगळा.

धडकचाचणीचे निकालही पाहावेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी टाटाच्या छोट्या टियागोला २०२० मध्ये पाचपैकी चार तारे मिळाले होते, तर २०२३ मध्ये अल्टो के-१० ला दोन आणि वॅगनआरला एक. तारे म्हणजे सर्वस्व नव्हे. वॅगनआरसारखी उंच बसण्याची आणि हलक्या स्टीअरिंगची गाडी नवशिक्याला फार लवकर वश होते, हेही खरे. पण आपली मुलगी गल्लीत फिरणार नाही. सुरतहून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून, रात्री, रोज जाणार आहे. तेव्हा माझे मत २०२१-२२ च्या टियागोकडे झुकते. चार लाखांतले चाळीस हजार मात्र मुळीच खर्चू नयेत. जुन्या गाडीचा पहिला महिना ते मागतोच.

जुने गॅरेज, भुसावळ

गुरुजी, नमस्कार. गॅरेजच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. कोणत्या कंपनीची घ्यावी या वादात मी पडत नाही, कारण चांगल्या कंपनीची वाईट गाडी आणि सामान्य कंपनीची उत्तम गाडी या दोन्ही माझ्या रॅम्पवर रोज चढतात. माझे वस्ताद म्हणत, "भाऊ, गाडीना रंग नको देखू, हाडं देख." ती हाडे कशी पाहायची तेवढे सांगतो.

गाडी पाहायला जाताना येतोय असे आधी कळवले असेल, तर पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवावा. गरम लागला तर गाडी आपल्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे, असे समजावे. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करते आणि जो धूर सोडते, तोच तिचा खरा आवाज. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पीत आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल कुठेतरी एकत्र येत असावे. अशा गाडीपासून दूर राहावे.

नंतर, इंजिन थंड असतानाच, रेडिएटरचे पाणी पाहावे. आपल्या खानदेशात याला फार महत्त्व आहे. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे असते. इथे मात्र कमी पडले की लोक सरळ बोअरचे पाणी ओततात. त्या जड पाण्याचा खार आत धरतो, नळ्या अरुंद होतात, आणि पुण्याच्या हवेत दहा वर्षे चालली असती ती गाडी भुसावळच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, एसी लावून फाटकावर उभी राहिली की उकळते. टाकीत तपकिरी, गंजट पाणी दिसले तर किंमत कमी करून घेण्याच्या फंदात न पडता परत यावे. गाडी शक्यतो दुपारी एक वाजता पाहावी. एसी पूर्ण सोडून पंधरा मिनिटे जागेवर सुरू ठेवावी आणि काट्यावर, किंवा काटा नसेल तर तापमानाच्या दिव्यावर, नजर ठेवावी. सकाळच्या गारव्यात सगळेच एसी थंड असतात.

अपघात झालेला आहे का, हे रंगावरून कळत नाही; आजकाल डेन्टिंग-पेन्टिंग फार सफाईने होते. दरवाजाच्या चौकटीवरचे काळे रबर हाताने ओढून बाजूला करावे. त्याखाली कंपनीतल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात; ते नसतील किंवा वेडेवाकडे असतील तर ती बाजू कापून पुन्हा जोडलेली आहे. बॉनेटच्या आणि समोरच्या मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का ते पाहावे. सगळ्या काचांवर कोपऱ्यात छोटा शिक्का असतो. एकाच काचेचे वर्ष वेगळे असेल तर ती का बदलली, ते विचारावे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट फुकट कळते आणि कोणी पाहत नाही. चावी फिरवून फक्त इग्निशन चालू करावे. एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर बिघाड आहे. आणि मुळीच लागला नाही तर मामला अधिक गंभीर आहे : एअरबॅग उडून गेली आहे, नवी बसवलेली नाही, आणि ती गोष्ट कळू नये म्हणून कोणीतरी दिवाच काढून टाकला आहे. असे मी माझ्या हाताने पाहिले आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. अडतीस हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही आणि स्टीअरिंगचे वरचे टोक चकाकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात असतात. ३२१९ लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. अडतीस हजारांना सहसा मूळचे टायर असतात. सगळे टायर गाडीपेक्षा बरेच नवे दिसले तर आकडा कोणीतरी मागे फिरवला असण्याची शक्यता आहे. उलट टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर खाच शिल्लक असली तरी बदलावेत, कारण आपल्या उन्हात रबर आतून वाळते आणि महामार्गावर फुटते. छोट्या गाडीच्या चार टायरांना पंधरा हजारांच्या आसपास लागतात. पांझराकाठ यांनी चाळीस हजार राखायला सांगितले ते उगाच नाही. त्यांत टायर, बॅटरी आणि क्लच प्लेट असे तिघे वाटेकरी बसलेले आहेत. क्लच प्लेट तर नवशिक्याच्या हाताखाली जाणारच. चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरून ठेवण्याची सवय ताईंना पहिल्याच महिन्यात मोडायला लावावी. हँडब्रेक त्याच कामासाठी आहे.

आणि समोरच्या दिव्यांची काच पिवळी पडली आहे का तेही पाहावे. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा रोग हमखास होतो. कापसाच्या हंगामात मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर असते, आणि पिवळ्या काचेतून ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

शहाद्याची सून

या चर्चेत अजून एकाही चालवणाऱ्या बाईचे मत आलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. सर, आपल्या सौभाग्यवतींची इच्छा मला पूर्ण समजते. आमच्याकडेही माझ्यासाठी कोरी गाडीच घेतली होती. नारळ फोडला, पेढे वाटले, सीटवरचे प्लास्टिकसुद्धा दोन महिने काढले नाही. आणि मी ती गाडी पहिले सहा महिने जवळजवळ चालवलीच नाही, कारण मी किल्ली हातात घेतली की घरातले चार लोक एकाच वेळी "जपून गं, नवी आहे" असे म्हणत. फाटकाच्या खांबाला एकदा मागचा बंपर घासला तर सासरे आठवडाभर तो ओरखडा पाहुण्यांना दाखवत होते. पुढे दिरांनी त्यांची जुनी, आधीच चार ठिकाणी चेपलेली गाडी मला दिली आणि मी एका महिन्यात शिकले. ज्या गाडीवर आणखी एक ओरखडा पडल्याने कोणाचे काही बिघडत नाही, त्या गाडीवरच हात बसतो.

आणखी एक. रात्री नऊला सुटणाऱ्या मुलीसाठी सेंट्रल लॉक आणि चारही खिडक्यांचे पॉवर विंडो ही चैन नव्हे. सर्वांत खालच्या प्रकारात या गोष्टी कित्येकदा नसतात, म्हणून वर्ष थोडे जुने चालेल पण प्रकार वरचा घ्यावा, असे माझे मत आहे. वरच्या प्रकारात मागच्या काचेचा वायपरही मिळतो. पावसाळ्यात त्याची किंमत कळते.

केळीपट्टा, रावेर

शहाद्याच्या वहिनींचा अनुभव मान्य असूनही मी नव्या गाडीच्या बाजूने उभा राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, शिवाय वरचा उपकरही गेला, आणि के-१० च्या सर्वांत खालच्या प्रकाराची एक्स-शोरूम किंमत चार लाखांच्या आत आली. रस्ता कर अकरा टक्के आणि विमा धरून ती साडेचार लाखांच्या आसपास रस्त्यावर येते. आता २०२५ पासून तिला सहा एअरबॅगही आहेत. नव्या गाडीला बँक नऊ टक्क्यांच्या आसपास कर्ज देते, जुनीला तेरा-चौदा टक्के लावते. तीन लाखांचे पाच वर्षांचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सव्वासहा हजारांच्या आत बसतो, तेराने घेतले तर सहा हजार आठशेच्या वर. तेवढ्यात वॉरंटी मिळते आणि बॉनेटवर तळहात ठेवून बसावे लागत नाही. सर कर्ज पतसंस्थेतून घेत आहेत म्हणून त्यांच्या बाबतीत हा फरक थोडा कमी होतो, एवढे मान्य करतो.

पांझराकाठ, धुळे

केळीपट्टा यांचे गणित बरोबर आहे. मात्र सहा एअरबॅग आल्या म्हणून गाडीचा सांगाडा बदलतो असे नाही, आणि साडेचार लाख म्हणजे मर्यादेच्या पन्नास हजार वर. शिवाय पहिल्या वर्षी किंमत सर्वांत वेगाने घसरते. तो तोटा नव्या गाडीच्या मालकाने सोसावा आणि आपण दुसऱ्या हाताने घ्यावी, हा माझा कंजूष विचार कायम आहे.

सीएनजीबद्दल मला कोणी तरी विचारेलच, म्हणून लिहून ठेवतो. रोज साठ किलोमीटर असतील तर बचत खरीच होते. पण तिच्या वाटेवर पंप आहे का आणि सकाळी सहाला तिथे रांग किती असते, हे आधी स्वतः जाऊन पाहावे. जुनी सीएनजी गाडी घेताना किटची नोंद आरसीवर आहे का ते पाहावे; सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. नोंद नसलेली, बाहेरून बसवलेली किट असेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आपणच कारण दिले, असे होते.

कागदोपत्री, जळगाव

विम्याचे आणि आरटीओचे काम माझ्या रोजच्या हाताखालचे असल्याने, जिथे लोक नेहमी फसतात तेवढेच लिहितो.

सर, गाडी आपल्या नावावर घेऊ नका. मुलीच्या नावावर घ्या. विम्याबरोबर पंधरा लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीने घ्यावे लागते ते मालक आणि चालक एकच असलेल्या, लायसन्सधारक व्यक्तीसाठी असते. आपल्याकडे चारचाकीचे लायसन्स नाही. गाडी आपल्या नावावर आणि चालवणार मुलगी, अशी रचना केली तर ज्या व्यक्तीसाठी हे सगळे चालले आहे तिलाच ते संरक्षण मिळणार नाही. वडिलांच्या नावावर गाडी घेण्याची आपल्याकडची पद्धत मायेपोटी असली तरी इथे ती उलटी पडते.

दुसरे म्हणजे, विक्रेता जेव्हा "विम्यात पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल" असे सांगतो, तेव्हा ते खरे नसते. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि जुन्या मालकाबरोबरच निघून जातो. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी विक्रीनंतर चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. तसे न करता गाडी चालवली आणि ती ठोकली गेली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. नवशिक्यासाठी शक्य असेल तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे कवच, घ्यावे. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि पहिल्या वर्षी बंपरच तर फुटतो. पाच वर्षांपुढच्या गाडीला हे कवच मिळणे कठीण जाते, हेही गाडीचे वर्ष निवडताना लक्षात घ्यावे. मात्र दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करू नये. त्याने पुढच्या वर्षीचा बोनस जातो.

कागदांत सर्वांत आधी बोजा पाहावा. आरसीवर बँकेचे किंवा फायनान्सचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरणाला नमुना २९ आणि ३० लागतात. गाडी एमएच १९ ची म्हणजे जळगाव पासिंगची असेल तर काम सुटसुटीत. धुळ्याची एमएच १८ किंवा नंदुरबारची एमएच ३९ असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे नमुना २८, आधी मागावी. गाडीवरचे ई-चलान तपासावे, उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलेली आहे का ते पाहावे. बीएस-चार आणि बीएस-सहा या प्रदूषण-मानकांच्या गाडीचे पीयूसी एक वर्ष चालते. त्याची तारीख पाहायला दोन मिनिटे लागत नाहीत, आणि तरीही लोक ते पाहत नाहीत. "नावावर नंतर करून देतो" असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून घरी यावे.

एरंडोलचा मास्तर

आपणा सर्वांचे आभार मानावेत तितके थोडे. मेव्हण्यांना नकार कळवला. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःहून वॅगनआर पाहायला बरोबर आले. भर दुपारी गेलो. बॉनेट गार होते, रेडिएटरचे पाणीही हिरवे होते, आणि मला वाटले की देव पावला. मग भुसावळच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे मुलीने चावी फिरवली आणि आम्ही तिघांनी डोके घालून पाहिले. सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागला नाही. दुकानदार म्हणाला, या मॉडेलला तो दिवा नसतोच. स्टीअरिंगच्या मधोमध एअरबॅगची अक्षरे मात्र स्पष्ट कोरलेली होती. मुलीने उजव्या बाजूच्या दरवाजाचे रबर ओढले तर खाली ठिपके नव्हते, पुट्टी होती. आम्ही चहा न घेता निघालो.

जुने गॅरेज, भुसावळ

गुरुजी, साडेतीन लाख वाचले. तीन ठिकाणी तरी असेच परत यावे लागेल, याची मनाची तयारी ठेवा. आवडलेली गाडी एकदा रॅम्पवर चढवून खालून पाहून घ्या. कोणत्याही ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार द्यावे लागले तरी द्या. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप बदलण्याजोगे झाले आहेत का, तेही त्याच वेळी विचारा. त्यानंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा साहित्याच्या बनतात. आधीच्या गाड्यांचे रबर लवकर कडक होते.

मास्तरांची मुलगी

नमस्कार. अण्णांनी इथे विचारले आहे हे मला परवा कळले. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले आहे की उत्तर न देणे बरे दिसणार नाही. एक गोष्ट मात्र कोणीच विचारली नाही : माझी उंची पाच फूट आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी उशी घेऊन बसत असे, आणि क्लच पूर्ण दाबायला पुढे सरकले की ब्रेक मारताना उशीही माझ्याबरोबर सरकत असे. त्यामुळे तारे, अॅव्हरेज आणि किंमत पाहण्याआधी मी प्रत्येक गाडीत बसून तीनच गोष्टी पाहिल्या : डावा पाय गुडघ्यात किंचित वाकलेला असताना क्लच तळापर्यंत जातो का, छाती स्टीअरिंगपासून वीतभर तरी लांब राहते का, आणि बॉनेटच्या पुढचा रस्ता कुठून दिसू लागतो. वॅगनआरमध्ये काही न करता हे जमत होते, हे प्रामाणिकपणे सांगते. साध्या प्रकारच्या टियागोमध्ये जमत नव्हते. वरच्या प्रकारात सीटची उंची लिव्हरने वाढवता येते, तिच्यात जमले. म्हणजे शहाद्याच्या ताईंनी वरचा प्रकार घ्या म्हटले ते माझ्या बाबतीत वेगळ्याच कारणाने खरे ठरले.

धरणगावच्या एका निवृत्त काकांची २०२१ ची टियागो पाहिली आहे. दोन एअरबॅग आहेत आणि दिवा लागून विझतो. टायर गाडीबरोबरचेच आहेत, म्हणजे ते बदलायचे. मागच्या बंपरला डावीकडे मोठा ओरखडा आहे. काका तो काढून देतो म्हणत होते, मी राहू द्या म्हटले आणि त्याचे पाच हजार कमी करून घेतले. तीन लाख साठ हजारांवर ठरले आहे. पाळधीच्या मेकॅनिकने खालून पाहिली, सायलेन्सरचे एक रबर सोडता काही निघाले नाही. मी ती मुद्दाम संध्याकाळी सातला महामार्गावर चालवून पाहिली, कारण मला ती त्याच वेळी चालवायची आहे. समोरून डिपर न देणारे ट्रक आले की अजून हात घट्ट होतात. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत राहायचे, हे काकांनी शेजारी बसून शिकवले.

आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो. कर्ज फिटल्याचे पत्र काकांना या आठवड्यात मिळेल, म्हणून सध्या फक्त पाच हजारांचा इसार दिला असून तसे दोघांच्या सह्यांनी लिहून घेतले आहे. गाडी माझ्याच नावावर होईल. अण्णांना ते आधी थोडे लागले, पण कागदोपत्री यांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला आणि नंतर स्वतःच माझ्या आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून आणल्या. पहिले दोन आठवडे मी सकाळच्याच ड्यूटीला गाडी नेणार, रात्रीची पाळी तोपर्यंत बदलून घेतली आहे. रिव्हर्स मला अजून नीट जमत नाही. त्यासाठी अण्णांनी शाळेच्या मैदानावर, कबड्डीच्या रेघांसाठी आणलेल्या फक्कीने, गाडीच्या रुंदीपेक्षा एक हात जास्त अंतर ठेवून दोन समांतर रेघा आतापासूनच मारून ठेवल्या आहेत, आणि मुलांनी त्या पुसू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांवर विटा मांडल्या आहेत.